चित्रकार आडोल्फ मेंझेल

इटलींतील वेरोना शहराच्या बाजारचौकाचें एक मोठें तैलचित्र जर्मनींत ड्रेस्डेन येथील संग्रहालयांत आहे. छत्र्या, विक्रेते व गिऱ्हाइकें यांची त्यांत दाटी आहे. तथापि त्या गर्दींत माणसें हरवत नाहींत, प्रत्येकाची लगबग निराळी दिसते. इ. स. १८८४ मध्यें हें चित्र पुरें करणारा आडोल्फ मेंझेल कोण होता, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

त्याचा जन्म ८ डिसेंबर १८१५ रोजीं ब्रेस्लौ येथें झाला. वडिलांचा शिळाछापखाना होता. १८३० मध्यें कुटुंब बर्लिनास आलें. परंतु दोनच वर्षांनीं पितृछत्र हरपलें आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या शिरावर घराचा भार पडला. छापखाना संभाळीत तो बहुतेक कला आपली आपणच शिकला. पुढें फ्रेडरिक राजाच्या चरित्रासाठीं त्यानें सुमारें ४०० चित्रें काढिलीं व त्याचें नांव झालें.

त्याची उंची जेमतेम साडेचार फूट होती. जेथें जाई तेथें वही व पेन्सिल जवळ असे. वेरोनाचा चौकहि अशाच टिपणांतून उभा राहिला. ९ फेब्रुवारी १९०५ रोजीं तो वारला, तेव्हां त्याच्या अंत्ययात्रेंत स्वतः बादशहा चालला.

ज्यानें बालपणींच संसाराचें ओझें वाहिलें, त्यास बाजारांतील कोणतेंहि कष्टकरी माणूस क्षुल्लक वाटलें नसावें, असें आम्हांस वाटतें. घरच्या अडचणींमुळें ज्यांचें शिक्षण अडखळतें, त्या विद्यार्थ्यांनीं हें चरित्र अवश्य ध्यानांत ठेवावें.