अभ्यासही, आनंदही : संत जॉन बॉस्को

दहावीचे वर्ष आले की पुष्कळ घरांत गायन, नाटक, खेळ सारे बंद होते. युवकांचे संत जॉन बॉस्को यांचे शालेय जीवन मात्र वेगळेच सांगते.

इटलीतील बेक्की या खेड्यात १६ ऑगस्ट १८१५ रोजी जॉनचा जन्म झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तोच वडील वारले. आई मार्गारिटाने काबाडकष्ट करून मुलांना वाढविले. जत्रेतले खेळ पाहून जॉन दोरीवर चालायला शिकला. गावच्या मुलांना खेळ दाखवी, आधी त्यांच्यासोबत रोझरी म्हणे.

१८३१ साली तो किएरी येथे शिकायला गेला. वयाने मोठा असूनही लहान मुलांच्या वर्गात बसला आणि वर्षभरात खालच्या तीन इयत्ता पार केल्या. तेथेच सवंगड्यांना जमवून त्याने 'आनंद मंडळ' काढले. नियम साधे : ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करायचे नाही, अभ्यास व धर्मकर्तव्ये चुकवायची नाहीत. शालेय दिवसांतच तो शिवणकाम आणि संगीतही शिकला.

१८४१ साली जॉन धर्मगुरू झाले. तुरीन शहरातील निराधार मुलांसाठी त्यांनी खेळ, गायन, रात्रशाळा सुरू केल्या. १८५३ साली शिवणकामाची कार्यशाळा उघडली तेव्हा लहानपणीची सुई-कात्री कामी आली. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. १९३४ साली ते संत घोषित झाले.

पालकहो, मुलाने शाळेच्या नाटकात नाव दिले तर लगेच नाही म्हणू नका. मुलांनो, तुम्हीही अभ्यास चुकवू नका.