श्रीमंत यशवंतराव होळकर आणि त्यांची वेगवान गाडी

मनुष्यास वेगाची आवड फार प्राचीन काळापासून आहे. आमच्या वऱ्हाडात शंकरपट भरतो तेव्हा दहा-दहा कोसांवरून लोक बैलजोड्या पाहावयास येतात. परंतु जाणता शेतकरी जोडी विकत घेताना तिची धाव तेवढी पाहून भुलत नाही. तो खूर पाहतो, खांदा पाहतो, डोळ्यांतील भाव पाहतो आणि मग आपल्या गोठ्याचा व कडब्याच्या गंजीचा विचार करतो. पटाची जोडी बहुधा औतास जुंपीत नाहीत. वैरण मात्र तिला बारा महिने लागते. तेव्हा वेगवान जनावर निवडणे ही एक विद्या आणि त्याच्यासह संसार करणे ही दुसरी. पुढे बैलाघोड्यांची जागा मोटारीने घेतली, तरी हा नियम बदलला नाही. त्याचे उदाहरण म्हणून इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

इंदूर हे वाशिमकरांस अगदी परके नगर नव्हे. वाशिमहून अकोला व खांडवा या मार्गाने इंदूरकडे जाणारी लहान रुळांची आगगाडी अनेक वर्षे धावत असे. त्या मार्गापैकी खांडवा ते इंदूर हा भाग तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी सरकारास दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांधला गेला. होळकरांचे मूळ गाव नीरेच्या काठचे होळ. तेथील मल्हारराव पराक्रमाने माळव्याचे सुभेदार झाले, आणि त्यांच्या सून अहिल्याबाई यांनी न्यायाने व दानधर्माने त्या घराण्याचे नाव काशी-रामेश्वरापर्यंत नेले. अहिल्याबाईंची एक रीत येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा पैसा वेगळा, असा भेद त्या राज्यात होता. आणि बाईंनी घाट, विहिरी, धर्मशाळा यांवर जो खर्च केला, तो मुख्यत्वे खासगीतून केला. या रीतीची आठवण वाचकांनी पुढील मजकूर वाचताना जवळ ठेवावी.

याच घराण्यात दि. ६ सप्टेंबर १९०८ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण विलायतेत चार्टरहाउस या शाळेत व पुढे ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. इ. स. १९२४ मध्ये कागलकर घाटगे यांच्या घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ. स. १९२६ मध्ये वडील तुकोजीराव, तिसरे, यांस बावला खून प्रकरणानंतर गादी सोडावी लागली, आणि सतरा वर्षांच्या या कुमारावर राजपद आले. प्रत्यक्ष राज्याधिकार त्यांस इ. स. १९३० मध्ये मिळाले. ज्या वयात आमचे विद्यार्थी परीक्षेच्या चिंतेत असतात, त्या वयात पित्याच्या अपयशाची सावली आणि एका मोठ्या संस्थानाचा भार, ही दोन्ही ओझी त्यांच्या वाट्यास आली.

यशवंतराव उंच, सडपातळ व मितभाषी होते. युरोपातील वास्तव्यात त्यांस नव्या कलेची गोडी लागली. हेन्री-पियेर रोशे या फ्रेंच रसिकाच्या ओळखीने ते पॅरिसच्या कलावंतांत वावरू लागले. एकार्ट मुथेसियस हा तरुण जर्मन वास्तुशिल्पी त्यांस भेटला, आणि इ. स. १९३० ते १९३३ या काळात त्याने इंदूरचा माणिकबाग राजवाडा सिद्ध केला. ज्या काळी राजवाडा म्हटला की झुंबरे, गालिचे व सोनेरी मखरे डोळ्यांपुढे येत, त्या काळी यशवंतरावांनी साध्या सरळ भिंती, धातूच्या नळ्यांची आसने, काच व हवा थंड ठेवणारी यंत्रे पसंत केली. रुमानियात जन्मलेला शिल्पकार ब्रांकुशी याच्या अवकाशातील पक्षी या कल्पनेवरील तीन मूर्ती त्यांनी घेतल्या. त्या पक्ष्यास ना पंख दाखविले आहेत ना पाय. आहे ती निखळ वर झेपावणारी गती. या आवडीनिवडींत एक सूत्र स्पष्ट दिसते. वस्तूवरील अनावश्यक शोभा काढून टाकावी व तिचा मूळ गुण उघडा दिसू द्यावा, असा त्यांचा कल होता. मोटारगाडीच्या निवडीतही हाच कल आम्हांस दिसून येतो.

त्या काळी उत्तम प्रतीची मोटार घेणे हे आजच्यासारखे दुकानात जाऊन करावयाचे काम नव्हते. कारखानदार यंत्र, चाके व खालचा सांगाडा एवढेच तयार करून देई. वरचा साज निराळ्या कारागिराकडून बांधवून घ्यावा लागे. म्हणजे निवड दोनदा करावी लागे. सांगाड्याच्या निवडीत श्रीमंत गिऱ्हाइकापुढे अनेक वाटा होत्या. रोल्स-रॉईस ही शांत व टिकाऊ, म्हणून बहुतेक संस्थानिकांची आवडती. पण शर्यतीचा वेग हा तिचा हेतू नव्हे. बेंटलेने ल मॉं येथील चोवीस तासांची शर्यत अनेकदा जिंकली होती, मात्र इ. स. १९३१ मध्ये तो कारखाना रोल्स-रॉईसच्या मालकीचा झाला आणि त्याच्या पुढील गाड्या अधिक सौम्य स्वभावाच्या निघाल्या. इटलीची आल्फा रोमिओ त्याच शर्यतीत १९३१ पासून १९३४ पर्यंत सलग चार वर्षे पहिली आली. अल्सेस प्रांतातील बुगाटी हलकी, देखणी व चपळ होती, पण तिला तितकाच निष्णात हात लागे. यशवंतरावांच्या गाडीखान्यात बेंटलेसारख्या विलायती गाड्या होत्याच. तरीही आपल्या सर्वांत नामांकित गाडीसाठी त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग निवडली.

या ड्यूसेनबर्गची हकीकत मनोरंजक आहे. फ्रेड व ऑगस्ट हे दोघे भाऊ जर्मनीत जन्मले व बालपणीच अमेरिकेत गेले. यंत्रविद्येचे पुस्तकी शिक्षण नसता, केवळ हाताच्या कसबावर त्यांनी शर्यतीच्या गाड्या बांधल्या. इ. स. १९२१ मध्ये त्यांच्या गाडीने फ्रान्सची ग्रां प्री जिंकली. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९२४, १९२५ व १९२७ या वर्षी जिंकली. इ. स. १९२८ च्या अखेरीस त्यांचा जे नावाचा नमुना बाहेर पडला. त्यात ओळीने आठ नळकांडी असून प्रत्येकास चार झडपा होत्या. कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे यंत्राची शक्ती २६५ अश्वबळ होती. पुढे १९३२ मध्ये त्यास हवा दाबून भरणारे सुपरचार्जर हे उपांग जोडले गेले. लोहाराच्या भात्याने जसा विस्तव फुलतो, तसे या उपांगाने इंधनाचे ज्वलन वाढते. त्यामुळे शक्ती ३२० अश्वबळावर गेली. या नमुन्यास एस-जे म्हणत. नुसत्या जे सांगाड्याची किंमत आरंभी ८,५०० डॉलर होती. त्या वेळच्या विनिमयाने ही रक्कम वीस हजार रुपयांहून बरीच अधिक होते.

यशवंतरावांनी एस-जे घेतली, आणि तीही लांब सांगाड्याची. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे १२ फूट ९ इंच. एवढ्या सांगाड्यावर इतर लोक सात माणसांची प्रशस्त गाडी बांधवून घेत. यशवंतरावांनी मात्र लंडनच्या जे. गर्नी नटिंग या कारागिरांकडून तीवर उघड्या दोन आसनांचा साज चढविला. लांबच लांब नाक, मागे निमुळती होत गेलेली पाठ, आणि नारिंगी व काळा असे दोनच रंग. इ. स. १९३६ मध्ये ती गाडी तयार झाली. ज्याने मखरांवाचून राजवाडा बांधला व पंखांवाचून पक्षी विकत घेतला, त्याची गाडी अशीच असावी हे युक्त होय.

आता दुसऱ्या विद्येकडे वळू. गाडी घरी आल्यावर तिच्यासह दिवस कसे काढावयाचे? ड्यूसेनबर्गच्या कर्त्यांनी याचा विचार केला होता. सांगाड्याच्या सांध्यांना ठराविक मैलांनी आपोआप वंगण पोहोचविण्याची योजना त्यांनी केली होती. चालकापुढील फळीवर लहान दिवे असत. तेल बदलण्याची किंवा विद्युत्‌घटातील पाणी पाहण्याची वेळ झाली की ते सूचना देत. चारही चाकांस द्रवदाबाचे गतिरोधक होते. तथापि वजन दोन टनांच्या वर, इंधनाचा खप मोठा, आणि उन्हाळ्यात माळव्याच्या धुळीने हवेच्या वाटा भरून जाव्यात असा प्रसंग. इंदूरवरून आग्रा-मुंबई हा जुना राजमार्ग जातो. पण त्या काळी त्यावर बैलगाड्या, मेंढरांचे कळप व पायी चालणारे यात्रेकरू यांची गर्दी असे. ताशी १३० मैलांहून अधिक धावू शकणाऱ्या यंत्रास तेथे बहुतेक वेळ बैलांच्या मागे थांबावे लागे. वेग हाती असून तो आवरून धरणे, हेच अशा गाडीच्या धन्याचे नित्याचे काम होय.

हे आवरणे किती अगत्याचे असते, याचे उदाहरण गाडीच्या कर्त्यानेच दिले. इ. स. १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ व पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर फ्रेड ड्यूसेनबर्ग आपलीच एस-जे चालवीत असता अपघात झाला, आणि त्या दुखण्यातून तो उठला नाही. आपल्या हातांनी जी शक्ती निर्माण केली, तीही निसरड्या रस्त्यावर आपले ऐकत नाही. हा धडा वेगवान वाहन हाती घेणाऱ्या प्रत्येक तरुणाने ध्यानात धरावा.

पुढे इ. स. १९३७ हे वर्ष उजाडले. त्या वर्षी ड्यूसेनबर्गचा कारखाना बंद पडला. जगातील श्रेष्ठ गाड्यांपैकी एक यशवंतरावांच्या दारी उभी होती. पण तिचा सुटा भाग करून देणारे मूळ घर उरले नव्हते. त्याच वर्षी महाराणी संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यांचे वय अवघे तेवीसच्या आसपास होते, व कन्या उषाराजे लहान होत्या. माणिकबागेतील ज्या सुंदर खोल्या त्या जोडप्यासाठी बांधल्या होत्या, त्यांत एक आसन रिकामे राहिले. ब्रांकुशीच्या पक्ष्यांसाठी योजिलेले मंदिर कधीच बांधले गेले नाही. पुढील काळात यशवंतरावांचे बरेच वास्तव्य अमेरिकेत झाले आणि दोन विवाहही तेथील स्त्रियांशी झाले. राजा राज्यापासून दूर राहतो, हा दोष त्यांच्यावर ठेवण्यात आला, आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

येथे पालकांच्या मनात एक प्रश्न निश्चित उभा राहील. एवढी महाग गाडी घेण्याचा अधिकार या राजास होता काय? माळव्यातील कुणब्याने भरलेल्या साऱ्यावर संस्थानाचा गाडा चालत होता. अहिल्याबाईंच्या गादीवर बसणाऱ्यास हा प्रश्न विचारणे अन्यायाचे नाही. आमच्या मते, वस्तू उत्तम होती, निवड जाणतेपणाची होती, आणि तरीही तो खर्च राजाच्या कर्तव्याहून मोठा मानता येत नाही. चोखंदळपणा हा गुण खरा. परंतु पदरचा पैसा कोणाच्या श्रमाचा आहे, याची जाणीव त्याहून वरच्या पायरीची.

मात्र त्याच राजाच्या जमेच्या बाजूस दुसऱ्या गोष्टीही आहेत. आमच्या नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू यांस तुकोजीरावांनी इंदुरास नेले होते. यशवंतरावांनी तो आश्रय चालू ठेवला व वाढविला. नायडू, मुश्ताक अली आदी खेळाडूंच्या होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ अशी चार वेळा रणजी स्पर्धा जिंकली. उत्तम यंत्र निवडणारी दृष्टी येथे उत्तम माणसे निवडण्याकडे वळली, आणि त्याचा आनंद मैदानाभोवती बसलेल्या हजारो सामान्य लोकांस मिळाला. इ. स. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले व यशवंतराव त्या संघराज्याचे उपराजप्रमुख झाले. दि. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आज त्यांच्या मागे काय उरले आहे? माणिकबागेत सरकारी कचेरी आहे, आणि तेथील सामान इ. स. १९८० मध्ये मोनॅको येथे लिलावात विकले गेले. नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग समुद्रापलीकडे अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली. परंतु इंदुरात महाराजा यशवंतराव यांच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे, आणि खेड्यापाड्यांतून आलेला रोगी त्याच्या दारी आजही उभा राहतो. तेथे त्यास ड्यूसेनबर्ग ठाऊक नसते; महाराजांचे नाव ठाऊक असते.

विद्यार्थिमित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हांपैकी कोणी दुचाकी घेईल, कोणी मोटार, एखादा भाग्यवान वेगवान गाडीही घेईल. घेताना यशवंतरावांप्रमाणे डोळसपणे घ्या. कारागिराचे काम पाहा, दिखाऊ शोभेला भुलू नका. आणि पटाची जोडी निवडणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणे घरी येण्यापूर्वी स्वतःस तीन गोष्टी विचारा : माझा रस्ता कसा आहे, माझी गंजी किती आहे, आणि ती कोणाच्या कष्टाने रचली आहे? या तिन्हींची उत्तरे प्रामाणिकपणे देता आली, तर मग खुशाल लगाम हाती घ्यावा.