अ‍ॅन्सेल कीज : गरिबांच्या ताटाला प्रतिष्ठा देणारा संशोधक

ऑलिव्ह तेल, कडधान्ये, पालेभाज्या, फळे, जाडाभरडा पाव, थोडे मासे आणि सणासुदीपुरते मांस, असा भूमध्य सागरी आहार आज जगभरातील हृदयरोगतज्ज्ञ रुग्णांना सुचवितात. बड्या हॉटेलांच्या भोजनपत्रिकेत त्याला मानाचे पान मिळाले आहे. मात्र अवघ्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी हे जेवण दक्षिण इटली आणि ग्रीसमधील कष्टकऱ्यांचे होते आणि ते परवडते म्हणूनच खाल्ले जात होते. या ताटाकडे विज्ञानाचे लक्ष वेधून घेण्याचे श्रेय अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांना जाते. त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरही त्यांच्या संशोधनावरून जेवढे वाद झाले, तेवढे आहारशास्त्रातील अन्य कोणाच्या वाट्याला क्वचितच आले असतील.

कीज यांचा जन्म २६ जानेवारी १९०४ रोजी अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे झाला. मूकपटांच्या काळातील गाजलेले अभिनेते लॉन चेनी हे त्यांचे मामा. कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी असामान्य बुद्धिमत्तेच्या मुलांचा जो प्रसिद्ध अभ्यास केला, त्यासाठी निवडलेल्यांत कीज यांचाही समावेश होता. परंतु या बुद्धिमान मुलाचे पाय एका जागी ठरत नव्हते. शाळा सोडून त्याने लाकूडतोडीच्या छावणीत काम केले, अ‍ॅरिझोनातील गुहेत वटवाघळांची विष्ठा फावड्याने उपसली, कोलोराडोतील खाणीत सुरुंगाची दारू वाहिली. महाविद्यालयात रसायनशास्त्र घेतले आणि ते अर्धवट टाकून जहाजावर तेल घालणारा कामगार म्हणून थेट चीन गाठले. परतल्यावर अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रातील पदवी, त्यानंतर प्राणिशास्त्र, पुढे सागरविज्ञानात डॉक्टरेट आणि नंतर केंब्रिजमधून शरीरक्रियाशास्त्रात दुसरी डॉक्टरेट, असा हा शिक्षणाचा प्रवास झाला. मधल्या काळात कोपनहेगन येथे नोबेल पारितोषिक विजेते ऑगस्ट क्रोग यांच्या हाताखाली त्यांनी माशांच्या कल्ल्यांवर संशोधन केले. १९३५ मध्ये चिलीतील अँडीज पर्वतात सुमारे वीस हजार फूट उंचीवर मुक्काम करून विरळ हवेचा मानवी रक्तावर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या मोहिमेतही ते होते. प्रयोगशाळेत बसून निष्कर्ष काढण्यापेक्षा माणूस जिथे राहतो तिथे जाऊन मोजमाप घेण्याची सवय त्यांना बहुधा येथेच लागली.

मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी उभारलेली प्रयोगशाळा फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षक सज्जाखाली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने त्यांच्यावर सैनिकांच्या शिधापाकिटाची जबाबदारी सोपविली. कीज यांनी किराणा दुकानातून सुकी बिस्किटे, टिकाऊ सॉसेज, गोळ्या आणि चॉकलेट आणून त्याचा पहिला नमुना तयार केला. खिशात मावणारे हे पाकीट ‘के रेशन’ या नावाने लाखो सैनिकांपर्यंत पोहोचले. महायुद्धाच्या अखेरीस, नोव्हेंबर १९४४ पासून, त्यांनी उपासमारीचा जो प्रयोग केला, तो मात्र आजच्या नीतिनियमांत बसणे कठीण आहे. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्या ३६ तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहण्याचे मान्य केले. बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी यांवर ठेवलेल्या या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्याहून धक्कादायक बदल मनाचे होते. धडधाकट तरुण चिडचिडे आणि उदास झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले आणि पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेला हा अभ्यास उपासमार आणि आहारविषयक मनोविकारांच्या क्षेत्रात आजही आधारग्रंथ मानला जातो.

उपासमारीचा अभ्यास करणाऱ्या या संशोधकाचे लक्ष युद्धानंतर नेमक्या उलट प्रश्नाकडे वळले. अमेरिकेत अन्नाची ददात नव्हती. तरीही ऐन उमेदीतील पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने दगावत होते. दुसरीकडे, युद्धकाळात अन्नटंचाई सोसलेल्या युरोपातील काही देशांत मात्र हृदयविकाराने होणारे मृत्यू घटल्याचे दिसत होते. कीज यांनी १९४७ पासून मिनेसोटातील सुखवस्तू व्यावसायिकांची नियमित तपासणी सुरू केली. १९५१ मध्ये रोममधील एका परिषदेत नेपल्सचे प्राध्यापक जीनो बेर्गामी यांनी त्यांना सांगितले, की आपल्या शहरातील कामकरी वर्गात हा विकार जवळपास आढळतच नाही. कीज यांना ते खरे वाटले नाही. पुढच्याच वर्षी पत्नी मार्गारेट यांच्यासह तपासणीचे साहित्य घेऊन ते नेपल्सला पोहोचले.

युद्धाच्या खुणा अंगावर वागविणाऱ्या त्या शहरात मार्गारेट यांनी अग्निशमन दलातील जवान आणि अन्य कामगारांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मोजले. ते अमेरिकी पुरुषांच्या तुलनेत बरेच कमी निघाले. शहरातील श्रीमंतांचे कोलेस्टेरॉल मात्र अमेरिकेच्या वळणावर गेलेले होते. या श्रीमंतांच्या घरी मांस नित्याचे होते, तर कामगारांच्या घरी पास्ता, शेंगाभाज्या, पालेभाज्या आणि आठवड्यातून एखाद्या वेळी मांसाचा लहानसा तुकडा. मार्गारेट यांचा वाटा येथे केवळ सहधर्मचारिणीचा नव्हता. त्या प्रशिक्षित जैवरसायन तंत्रज्ञ होत्या आणि या दौऱ्यांतील बरीच मोजमापे त्यांच्या हातची होती. कीज यांच्यावरील लेखनात याची नोंद पुरेशी घेतली जात नाही.

येथून पुढे वादाला तोंड फुटले. १९५३ मध्ये कीज यांनी सहा देशांची आकडेवारी एका आलेखात मांडली. आहारातील चरबी वाढते तसे हृदयविकाराचे मृत्यू वाढतात, असे त्यातून दिसत होते. १९५५ मध्ये जिनिव्हा येथील जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत ब्रिटिश तज्ज्ञांनी त्यांची उलटतपासणी घेतली. १९५७ मध्ये जेकब येरुशाल्मी आणि हर्मन हिलबो या अमेरिकी अभ्यासकांनी २२ देशांची आकडेवारी उपलब्ध असल्याचे दाखवून दिले. सर्व देश विचारात घेतल्यास हा संबंध टिकतो, पण बराच सैल होतो, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप रास्त होता. सहा बिंदूंच्या आलेखावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

कीज यांनी या टीकेला दिलेले उत्तर म्हणजे १९५८ मध्ये सुरू झालेला सात देशांचा अभ्यास. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, तत्कालीन युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान येथील १६ गटांतील ४० ते ५९ वयाच्या १२,७६३ पुरुषांची तपासणी करून त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्यात आला. समाजमाध्यमांवरील चर्चेत हा अभ्यास आणि १९५३ चा सहा देशांचा आलेख यांची सर्रास गल्लत केली जाते. पहिला सरकारी आकडेवारीवर बेतलेला होता. दुसऱ्यात प्रत्यक्ष माणसांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हृदयाचे आलेख आणि काही निवडक घरांतील अन्नाचे वजनही घेतले गेले. पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकाराचे प्रमाण सर्वाधिक आढळले. तेथील धिप्पाड लाकूडतोडे चीजच्या जाड कापावर लोणी थापून खात. क्रीट बेटावर हे प्रमाण सर्वांत कमी होते. विशेष म्हणजे क्रीटमधील शेतकऱ्यांना मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ४० टक्के चरबीतून येत होते, पण ती बहुतांशी ऑलिव्ह तेलाची होती. त्यामुळे एकूण चरबीवर असलेला कीज यांचा रोख बदलून लोणी, चीज आणि मांसातील संपृक्त चरबीकडे वळला.

या अभ्यासाच्याही मर्यादा होत्या आणि त्या लहान नव्हत्या. स्त्रिया त्यात नव्हत्या. देशांची निवड यदृच्छेने झालेली नव्हती. जेथे सहकारी संशोधक मिळाले, तेथे काम झाले. लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराचे प्रमाण कमी असलेला फ्रान्स त्यात का नाही, हा प्रश्न टीकाकार आजही विचारतात. आहाराची बारकाईने नोंद प्रत्येक गटातील मोजक्याच पुरुषांची झाली. शिवाय क्रीटचा शेतकरी दिवसभर डोंगरउतारावर राबत होता, त्याच्या ताटात साखर आणि डबाबंद खाद्य जवळजवळ नव्हते. केवळ तेलाला श्रेय देणे धाडसाचे होते. त्यातील विरोधाभास असा, की महायुद्धानंतर रॉकफेलर फाउंडेशनने क्रीटमध्ये केलेल्या पाहणीत तेथील बहुसंख्य कुटुंबे आपल्या आहारावर नाखूश आढळली होती. त्यांना अधिक मांस हवे होते. जगाने आदर्श म्हणून उचललेले ताट ज्यांचे होते, त्यांची ती निवड नव्हती.

तरीही कीज यांची कीर्ती वाढतच गेली. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्याने हा विषय घरोघरी पोहोचला होता. १९५९ मध्ये कीज दांपत्याने लिहिलेले ‘ईट वेल अँड स्टे वेल’ हे पाककृतींसह आहारसल्ल्याचे पुस्तक तडाख्याने खपले. जानेवारी १९६१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. पुस्तकाच्या मानधनातून त्यांनी दक्षिण इटलीतील चिलेंतो भागात, पिओप्पी या मच्छीमारांच्या गावात समुद्रकाठी घर बांधले आणि मिनेसोटा व एलिया या प्राचीन ग्रीक नगरीची नावे जोडून त्याला मिनेलिया असे नाव दिले. कडधान्यांवर त्यांनी मार्गारेट यांच्यासह एक स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

कीज यांचा स्वभाव मवाळ नव्हता. हृदयविकाराला साखर कारणीभूत असल्याचे मांडणारे लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांच्यावर त्यांनी इतकी जहरी टीका केली, की साखरेचा प्रश्न कित्येक वर्षे मागे पडला. यात कीज यांच्या बाजूने शास्त्र होते त्यापेक्षा वजन अधिक होते, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते. त्यांच्याच विद्यापीठात १९६८ ते १९७३ या काळात नऊ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या आणि ज्याच्या आखणीत तेही सहभागी होते अशा प्रयोगात संपृक्त चरबीऐवजी मक्याचे तेल देण्यात आले. कोलेस्टेरॉल घटले, पण मृत्यू घटले नाहीत. त्याचे निष्कर्ष १९८९ पर्यंत प्रसिद्ध झाले नाहीत आणि २०१६ मध्ये जुन्या नोंदींचे पुनर्विश्लेषण झाल्यावरच त्यांची खरी चर्चा झाली. दुसरीकडे, बाजारात पुढे आलेल्या साखरयुक्त ‘लो-फॅट’ पदार्थांचे खापर कीज यांच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे आहे. क्रीटचे तेलात न्हालेले ताट त्यांनीच जगापुढे ठेवले होते.

या आहाराची खरी कसोटी त्यांच्या निवृत्तीनंतर लागली. फ्रान्समधील ल्यों येथे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात, हा आहार घेणाऱ्यांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. स्पेनमध्ये ७,४४७ जणांवरील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही केंद्रांवर सहभागींच्या गटवाटपात त्रुटी आढळल्याने २०१८ मध्ये तो निबंध मागे घेऊन नव्याने प्रसिद्ध करावा लागला. मात्र हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष कायम राहिला. यात मोठा वाटा पक्षाघात टळण्याचा होता. एकूण मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. या अभ्यासातील मंडळींना ऑलिव्ह तेल आणि सुकामेवा फुकट मिळत होता, हेही नजरेआड करून चालत नाही. हे तेल जिथे पिकत नाही, तिथे ते महाग पडते. पंचपक्वान्नांवर वरून ओतल्यास उष्मांक वाढण्यापलीकडे ते काही साधत नाही. जेवणासोबतच्या वाइनचे पूर्वी केले जाणारे कौतुकही आता मावळले आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

सर्वांत लक्षणीय पुरावा मात्र फिनलंडचा आहे. सात देशांच्या अभ्यासात सर्वांत मागे असलेल्या त्या देशाच्या नॉर्थ करेलिया प्रांतात १९७२ पासून लोणी कमी करणे, भाज्या वाढविणे आणि धूम्रपान रोखणे यांसाठी लोकमोहीम राबविण्यात आली. पुढील चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यासाठी कोणालाही ऑलिव्हची झाडे लावावी लागली नाहीत.

निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, कीज यांनी आणखी एक गोष्ट जगाला दिली. उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याचे बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांचे एकोणिसाव्या शतकातील सूत्र त्यांनी ‘बॉडी मास इंडेक्स’ या नावाने रूढ केले. मुंबई-पुण्यातील आरोग्य तपासणीच्या अहवालात आज हा आकडा असतोच. पाश्चात्त्यांसाठी २५ ही असलेली स्थूलतेकडे झुकणारी सीमा भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ वर आणली, कारण भारतीयांत कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात.

आयुष्याचा उत्तरार्ध कीज यांनी बराचसा पिओप्पीत घालविला. सकाळी लेखन, दुपारी बागकाम, जेवणात घरच्या बागेतील भाज्या, असा त्यांचा क्रम होता. अखेरच्या काही वर्षांत ते मिनेसोटाला परतले. शंभरावा वाढदिवस साजरा झाला तेव्हा दीर्घायुष्याचे श्रेय आहाराला द्यावे काय, अशी विचारणा झाली. तसे असण्याची बरीच शक्यता आहे, पण पुरावा नाही, असे त्यांनी सांगितले. २० नोव्हेंबर २००४ रोजी मिनियापोलिस येथे त्यांचे निधन झाले. वयाची १०१ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा दोनच महिने उरले होते. मार्गारेट यांचे २००६ मध्ये, ९७ व्या वर्षी निधन झाले.

‘युनेस्को’ने २०१० मध्ये इटली, स्पेन, ग्रीस आणि मोरोक्को यांच्या प्रस्तावावरून भूमध्य सागरी आहाराचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. इटलीतर्फे त्यात चिलेंतोचे नाव होते. पिओप्पीतील एका जुन्या वाड्यात आता या आहाराचे संग्रहालय आहे. इटली आणि ग्रीसमधील मुलांत स्थूलतेचे प्रमाण मात्र युरोपातील सर्वाधिक प्रमाणांत गणले जाते.