दादोबा पांडुरंग आणि ‘पाहिजे’चे व्याकरण

नगरच्या पूर्वेतिहासावर लिहायचे म्हटले की आपली लेखणी सहसा निजामशाहीकडे, चांदबिबीकडे किंवा भुईकोट किल्ल्यातील बंदिवानांकडे वळते. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या गृहस्थांच्या व्याकरणाची सावली आपल्या प्रत्येकाच्या शाळेतील वहीवर पडलेली आहे, ते एके काळी याच नगरात डेप्युटी कलेक्टर होते, याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. हे गृहस्थ म्हणजे रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर. इंग्रजी हा विशेष विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या माझ्यासारख्याने मराठी व्याकरणकारावर का लिहावे, असे काही मित्रांनी विचारले. त्याचे उत्तर पुढे येईलच.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या ‘भाषांतर पाठमाले’वर इंग्रजी घोकले, ती तर्खडकर आडनावाच्याच दुसऱ्या गृहस्थांची. आपले दादोबा त्यांच्या आधीचे. त्यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला; घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते इंग्रजी शिकले. पुढे माळव्यात जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काही काळ काम केले. आणि १८३६ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हा ग्रंथ त्यांनी छापून काढला. आपण बाविसाव्या वर्षी काय करतो, हा प्रश्न मी येथे मुद्दामच विचारीत नाही!

त्यापूर्वी मराठीची व्याकरणे नव्हती असे नाही. विल्यम केरी यांचे १८०५ साली श्रीरामपूरहून निघाले होते. परंतु ती मुख्यतः साहेबाने साहेबासाठी लिहिलेली, म्हणजे परक्याला आपली भाषा यावी म्हणून. दादोबांचे व्याकरण मराठी माणसाने मराठी मुलांसाठी लिहिले आणि तेच शाळांतून रुजले. त्यांच्या हयातीत त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ‘मराठीचे पाणिनी’ हे बिरुद त्यांना मिळाले ते यामुळे.

आता गंमत अशी की या पाणिनींचा नमुना मात्र इंग्रजी होता. लिंडले मरे या नावाचा एक अमेरिकन वकील इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तेथील मुलींच्या एका शाळेसाठी त्याने १७९५ मध्ये इंग्रजी व्याकरण लिहिले. ते पुस्तक त्या काळी जगभर गाजले. दादोबांनी आपल्या ग्रंथाची मांडणी त्याच धर्तीवर केली. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडितांनी दादोबांच्या मतांची कठोर चिकित्सा केली. मराठीला इंग्रजीचा अंगरखा नीट बसत नाही, असा आक्षेप आजही घेतला जातो. तो आक्षेप मला मान्य आहे. पण परका अंगरखा अंगावर चढवून पाहिल्याशिवाय आपले खांदे किती रुंद आहेत हे तरी कसे कळणार?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. वर्गात मे, कॅन, मस्ट, शुड ही साहाय्यक क्रियापदे शिकविली जातात, आणि क्रियाविशेषणे निराळ्या तासाला. दोन्ही जोडून बोलायची वेळ आली की आम्हा खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांची गाडी अडते. मरे यांनी यावर एक साधा नियम दिला आहे. क्रियाविशेषण बहुधा विशेषणाच्या आधी व क्रियापदानंतर येते, आणि पुष्कळदा साहाय्यक व मुख्य क्रियापद यांच्या मधोमध बसते. ‘ही विल सर्टनली कम’, ‘यू मस्ट ऑल्सो कम’, ‘आय कॅन हार्डली सी’. मधली जागा रिकामी असते आणि तेथे क्रियाविशेषण जाऊन बसते. मराठीत अशी मधली जागा सहसा नसतेच, कारण ‘विल’ आणि ‘कम’ यांचा आपल्याकडे एकच शब्द होतो, ‘येईल’. त्यामुळे आपण ‘नक्की’ हा शब्द आधी ठेवतो, किंवा नुसता ‘च’ चिकटवून ‘येईलच’ म्हणतो. मराठी मुलगा इंग्रजी बोलताना नेमका या मधल्या जागेपाशी चाचरतो, त्याचे कारण हे आहे. त्यात बुद्धीची उणीव कोठेही नाही.

ज्याला व्याकरणात क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हणतात, म्हणजे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ वगैरे, तो भाग शाळेत मला नेहमी रुक्ष वाटे. मे आणि मस्ट समोर आल्यावर त्याचा उपयोग कळला. ‘बसावे’, ‘बसायला पाहिजे’, ‘बसला असावा’, ‘बसला असणार’ या रूपांत इंग्रजीतील शुड, मस्ट, मे हे सारे दडलेले आहे. इतकेच नव्हे, तर कोणते क्रियाविशेषण कोणाच्या पंक्तीला बसते, हेही मराठी आपल्याला सांगते. ‘बहुधा आला असावा’ आणि ‘नक्की आला असणार’ हे आपण न शिकता बोलतो. तसेच इंग्रजीत ‘मे’शी ‘परहॅप्स’चे जमते आणि ‘मस्ट’शी ‘सर्टनली’चे, ‘मस्ट परहॅप्स’ म्हटले तर कानाला खडा लागतो. ‘पॉसिबली’ हा शब्द तर भलताच लबाड आहे. ‘ही मे पॉसिबली कम’ म्हटले की येण्याची आशा पातळ होते. पण तोच शब्द ‘कान्ट’च्या शेजारी बसवला की नकार वज्रासारखा होतो. ‘ही कान्ट पॉसिबली कम’, म्हणजे त्याचे येणे शक्यच नाही. येथेही तो आपला ‘च’ हजर! माझे म्हणणे एवढेच की मराठीचे व्याकरण डोळ्यांसमोर ठेवून इंग्रजी शिकणे हा कमीपणा नव्हे. दादोबांनी इंग्रजीतून मराठीकडे पाहिले. आपण उलट दिशेने त्याच पुलावरून जातो आहोत.

बोलण्याच्या इंग्रजीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. विलायतेला जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ टागोर १८७८ साली मुंबईत ज्या घरी इंग्रजी संभाषण सुधारण्यासाठी राहिले, ते घर दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे होते. शिकविणारी मुलगी म्हणजे दादोबांची पुतणी अन्नपूर्णा.

परंतु ‘पाहिजे’चा प्रश्न दादोबांपुढे व्याकरणापुरता राहिला नाही. सुरतेच्या इंग्रजी शाळेत असताना १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांच्यासमवेत त्यांनी मानवधर्म सभा काढली. पुढे मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली, तिचेही ते आधारस्तंभ होते. जातिभेद मोडला पाहिजे, हा तिचा बाणा. नव्या सभासदाने ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी तिची दीक्षा होती. मात्र हे सारे बंद दाराआड. सभासदांची संख्या पुरेशी वाढल्यावर मग उघड व्हावे, असा बेत होता. ती वेळ आलीच नाही. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. दादोबांचे ‘धर्मविवेचन’ हे पुस्तक १८४३ साली लिहून झाले होते. ते छापले गेले १८६८ मध्ये, आणि तेही ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. म्हणजे ‘पाहिजे’ म्हणणारा माणूस पंचवीस वर्षे ‘कदाचित’पाशी थांबून राहिला. त्यांना भित्रे ठरविणे आज सोपे आहे. बहिष्कार पडला म्हणजे घरची पोरे, बायको, आईबाप सारेच वाळीत पडत, हे ध्यानात घेतले म्हणजे जीभ आवरते. तरीही याच काळात पुण्यात जोतीराव फुले उघड्यावर उभे होते, हेही विसरता येत नाही.

१८५२ साली दादोबा नगरला डेप्युटी कलेक्टर म्हणून आले. १८५७ च्या धामधुमीत नगर-नाशिकच्या डोंगराळ मुलखात भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी शस्त्र उचलले. तो उठाव मोडण्याच्या कामी दादोबांनी सरकारची बाजू सांभाळली आणि त्याबद्दल त्यांना ‘रावबहादूर’ ही पदवी मिळाली. आज आपल्या जिल्ह्यात भागोजींचे नाव अभिमानाने घेतले जाते. तेव्हा ही पदवी वाचताना मनाला बोचते, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यांचेच बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये इंग्रजी राज्यावर घणाघाती पत्रे लिहिली होती, हे आठवले की अधिकच. एकाच घरातील दोन भावांच्या या दोन तऱ्हा.

पुढील आयुष्य बहुतेक लेखनात गेले. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी टीका लिहिली आणि आईवडिलांच्या नावांवरून तिला ‘यशोदा-पांडुरंगी’ असे नाव दिले. १८६५ मध्ये मुलांसाठी लघुव्याकरण काढले. मोठ्या व्याकरणाचा पिच्छा त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्याच वर्षी, त्याला पूरणिका जोडली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांनी आत्मचरित्रही लिहून ठेवले होते, ते अ. का. प्रियोळकर यांनी संपादून १९४७ साली प्रसिद्ध केले. पण त्यातील हकिकत १८४७ च्या आसपासच थांबते. नगरच्या कचेरीतील दिवस, भिल्लांचे बंड, परमहंस सभेचा शेवट, यांतले त्यात काहीच नाही.