बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर

डेव्हिड एरुलकर हे बेने इस्राएल समाजातले नामवंत बॅरिस्टर. १९१६ साली बेळगाव व अहमदनगर येथे दिलेल्या स्वराज्यावरील मराठी भाषणांबद्दल सरकारने लोकमान्य टिळकांकडे वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि शिवाय जामीन मागितला. टिळकांच्या बचावासाठी बॅरिस्टर जिनांबरोबर एरुलकरही उभे राहिले. आपला समाज मूठभर. कित्येक घरांची चूल सरकारी नोकरीवर नाहीतर पलटणीच्या पगारावर पेटत असे. म्हणून हे धैर्य लहान नव्हते. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.

समाजासाठी त्यांनी 'दि इझ्रायलाइट' हे इंग्रजी-मराठी मासिक चालवले.

पुढे त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या स्वदेशी जहाज कंपनीचे लंडनमधील काम सांभाळले. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी १९१९ मध्ये ही कंपनी काढली. तिची गाठ बलाढ्य इंग्रज कंपन्यांशी होती. भाडेकरार, विमा, मालाची नुकसानभरपाई अशा गोष्टींत जहाजधंद्याला पावलोपावली कायदा लागतो.

१९३७ मध्ये सिंदिया हजच्या वाहतुकीत उतरली. 'एल मदिना' व नंतर 'एल हिंद' ही जहाजे यात्रेकरूंना सौदी अरेबियातील जेद्दा बंदरात नेऊ लागली. जुन्या मोगल लाइनशी चुरस लागली आणि भाडी खाली आली.

कंपनी हिंदू-जैनांनी काढलेली, उतारू मक्केचे यात्रेकरू, लंडनचा कारभारी बेने इस्राएल. टिळकांच्या खटल्यात एरुलकरांनी जो देश आपला मानला, तो असा सर्वांचा होता.