परळचा मठ आणि हाफकिन

आमच्या सावरगावात कुणावर फारच राग आला की म्हाताऱ्या बायका अजूनही त्याला पटकी येवो म्हणतात. लहानपणी मला ती नुसती शिवी वाटायची. पटकी म्हणजे कॉलरा, हे फार उशिरा कळलं. प्लेगच्या साली लोक गाव सोडून वावरात झोपड्या टाकून राहिले, असंही आजी तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगते.

मागच्या उन्हाळ्यात मावशीच्या उपचारासाठी आम्ही मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये होतो. रिपोर्टची वाट बघून कंटाळा आला की मी बाहेर फिरायची. जवळच हाफकिन संस्थेची पाटी दिसली. ही मुळात जेझुइट फादरांची जागा, असं तिथे भेटलेल्या एका सिस्टरनी सांगितलं. खरं सांगते, मला आधी रागच आला. आपल्या लोकांचा मठ असा कसा गेला? घरी आल्यावर त्या वास्तूबद्दल वाचायला बसले आणि हाफकिन नावाच्या माणसापाशी अडकले.

आधी वास्तूचं सांगते. पोर्तुगीज काळात परळला जेझुइटांचा मठ आणि चॅपेल होतं. मुंबई इंग्रजांकडे आली आणि दोघांचं बिनसलं. 1689-90 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर हल्ला केला, तेव्हा फादरांनी त्याला साथ दिली असा इंग्रजांचा आरोप होता. पुढे 1719 मध्ये, बून गव्हर्नर असताना, मठ सरकारजमा झाला. तेव्हाचं परळ म्हणजे किल्ल्यापासून लांब, झाडीतलं गाव. गव्हर्नरांना हवापालटासाठी अशीच जागा हवी होती. त्यांनी मठ पाडला नाही, त्याच्याच भिंती वापरून बंगला केला. जिथे मिस्सा व्हायची त्या चॅपेलच्या जागेत मेजवानीचं दालन आणि नाचाचा हॉल झाला. 1771 पासून गव्हर्नर हॉर्नबी तिथे राहू लागले. पुढे एल्फिन्स्टननी बंगला वाढवला. नंतर आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या, वस्ती दाटली, हवा बिघडली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तर तिथे राहत असताना पटकीनेच गेल्या. 1885 च्या सुमारास गव्हर्नरांनी आपलं बिऱ्हाड मलबार पॉइंटला हलवलं.

आता हाफकिन. वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 1860 चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. कुटुंब ज्यू. विद्यापीठात मेचनिकोव्हसारखे गुरू मिळाले. पण त्या काळच्या रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणं जवळपास अशक्य. धर्म बदलला असता तर वाट मोकळी होती. त्यांनी बदलला नाही. शेवटी पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. तिथे मोकळी जागा होती ती ग्रंथपालाची, तीच घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले. 1892 च्या जुलैमध्ये त्यांनी पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला आले आणि वस्त्यावस्त्यांतून, चहाच्या मळ्यांतून लस टोचत हिंडले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने हाफकिनना बोलावलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा दिला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे ते बाटलीतल्या रसावर तुपाचे थेंब सोडून प्लेगचे जंतू वाढवत. त्या थेंबांना धरून जंतू खाली झुंबरासारखे लोंबत. मग ते उष्णतेने मारून लस बनवायची. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी हीसुद्धा पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी तयार झाले त्यांच्यावर चाचणी झाली.

मागणी वाढली, जागा पुरेना. तेव्हा 1899 च्या ऑगस्टमध्ये परळचा रिकामा बंगला त्यांच्या प्रयोगशाळेला मिळाला. तिथून लाखो डोस गावोगाव जाऊ लागले.

पण सुख फार टिकलं नाही. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. एकाच बाटलीतली लस होती. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून बाजूला केलं. खरं तर गावात ती बाटली उघडताना एका मदतनीसाच्या हातून चिमटा खाली पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हे मान्य व्हायला वर्षं गेली. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये उघडपणे त्यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे डाग पुसला. हाफकिन भारतात परत आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांच्याकडे पुन्हा आली नाही. 1925 मध्ये मात्र तिला त्यांचं नाव दिलं गेलं. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे ते वारले. लग्न केलेलं नव्हतं. आपली पुंजी त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली.

मठ गेल्याचं मला अजून वाईट वाटतं, ते लपवत नाही. पण ज्या जागेत आपले फादर प्रार्थना करायचे, तिथे मधली दीडशेहून जास्त वर्षं मेजवान्या झाल्या, आणि मग एक माणूस आला ज्याने परक्या देशातल्या अनोळखी लोकांसाठी सुई आधी स्वतःच्या अंगात खुपसली. आपला धर्म सोडायला तयार नसलेला तो ज्यू माणूस त्या जुन्या मठाला शोभला, असं मला वाटतं. आपल्याला हे पटायला जड जाईल, मलाही गेलं.

सावरगावला आल्यावर आजीला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, की त्याला ते घर परत मिळालं का. नाही म्हटलं, नाव तेवढं मिळालं. मित्रांनो, परळला तुम्ही बहुतेक कुणा आजाऱ्याला घेऊनच जाल. थोडा वेळ मिळाला तर ती पाटी बघून या.