हाताचे दुखणे ओळखणारा वैद्य : बर्नार्डिनो रामाझिनी

गेल्या दिवाळीत माझी थोरली बहीण पुण्याहून घरी आली ती उजव्या मनगटाला पट्टा बांधूनच. ती तेथे एका कचेरीत संगणकावर हिशेबाचे काम करते. दरवर्षी चकल्या पाडण्याचे काम तिच्याकडे असते. यंदा सोऱ्याची मूठ तिने दोनदा फिरवली आणि सोऱ्या मुकाट्याने आईच्या हाती दिला. हाताचे हे दुखणे सहा महिने चालले होते. पहिल्या डॉक्टरांनी मलम दिले, दुसऱ्यांनी गोळ्या दिल्या. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र हात पाहण्याआधीच विचारले, की तुम्ही दिवसभर काम काय करता, कशावर बसता आणि मधूनमधून उठता की नाही. मलम-गोळ्यांनी जे साधले नाही ते टेबल, खुर्ची आणि कामाची रीत बदलल्यावर आता हळूहळू साधते आहे.

रोग्याला त्याचा धंदा विचारावा ही आज अगदी साधी वाटणारी गोष्ट. पण ती वैद्यकाला आग्रहाने सांगणारा एक माणूस होऊन गेला, आणि लिहिणाऱ्यांच्या हाताला होणाऱ्या दुखण्याचे पहिले नीट वर्णनही त्याचेच आहे. त्याची ओळख आपल्या अंकाच्या वाचकांना करून द्यावी असे तेव्हापासून मनात होते.

बर्नार्डिनो रामाझिनी याचा जन्म १६३३ साली उत्तर इटलीतील कार्पी या लहानशा गावी झाला. त्या काळी इटली हे एक राष्ट्र नव्हते. लहानमोठी राज्ये होती, आणि कार्पी हे मोडेनाच्या ड्यूकच्या अमलाखाली होते. शाळेचे शिक्षण जेझुइट पाद्र्यांकडे झाल्यावर एकोणिसाव्या वर्षी तो पार्मा येथील विद्यापीठात गेला. तेथे आधी तत्त्वज्ञान आणि मग वैद्यक शिकून त्याने १६५९ साली पदवी मिळवली. पुढे रोममध्ये काही काळ अनुभव घेऊन रोमच्या उत्तरेकडील कानिनो व मार्ता या गावी तो वैद्य म्हणून राहिला. तो मुलूख हिवतापाचा. दुसऱ्यांचा ताप उतरवणाऱ्या या तरुण वैद्याला त्याच तापाने असे गाठले, की सगळे सोडून त्याला कार्पीला परतावे लागले. प्रकृती सुधारल्यावर त्याने तेथेच व्यवसाय मांडला, लग्न केले, आणि १६७१ साली बिऱ्हाड मोडेना शहरात हलवले.

मोडेनात त्याचे बस्तान बसायला वेळ लागला. बाहेरून आलेला आणि तोंडाने थोडा फटकळ असा हा वैद्य तिथल्या जुन्या मंडळींना फारसा आवडला नाही. बाळंतपणानंतर दगावलेल्या एका उमराव घराण्यातील स्त्रीच्या उपचारावरून फ्लॉरेन्सच्या एका नामांकित वैद्याशी त्याचा जो वाद जुंपला, तो पुस्तिका छापण्यापर्यंत गेला. पण १६८२ साली ड्यूकने मोडेनाच्या विद्यापीठात त्याला वैद्यकाचा प्राध्यापक नेमले आणि त्याचे दिवस पालटले. नुसत्या ग्रंथांवर विसंबणारा हा प्राध्यापक नव्हता. मोडेनाच्या आसपास जमिनीला भोक पाडताच पाणी आपोआप उसळून येते. त्या विहिरींचा अभ्यास करून त्याने १६९१ साली पुस्तक लिहिले. भोवतालच्या खेड्यांत पिकांवर तांबेरा पडला आणि तापाची साथ आली, तेव्हा हवा, पाणी, पीक आणि रोग यांची सांगड घालून त्याने वर्षावर्षाच्या नोंदी ठेवल्या. एखादी गोष्ट जेथे घडते तेथेच जाऊन पाहायची, ही त्याची खोड. तिनेच त्याला अजरामर केले.

त्याचे असे झाले. मोडेनात घरे दाटीवाटीची, आणि प्रत्येक घराच्या शौचकूपाचा खड्डा दर तीन वर्षांनी उपसावा लागे. एकदा रामाझिनीच्या स्वतःच्या घरी हे काम चालले होते. खड्ड्यात उतरलेला मजूर जिवाच्या आकांताने घाई करीत होता. एवढी घाई कशाला, जरा दमाने काम कर, असे रामाझिनीने त्याला सांगितले. मजुराने मान वर करून डोळे दाखवले. ते लाल झाले होते. या खड्ड्यात चार तासांहून जास्त थांबले तर डोळे जातात, हे काम करणारे आमच्यातले कितीतरी जण आंधळे होऊन गावात भीक मागतात, असे त्याने सांगितले. काम संपले की घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसायचे आणि कोमट पाण्याने डोळे धूत राहायचे, एवढाच त्यांचा उपाय. रामाझिनी गावात हिंडला तेव्हा त्याला तसे आंधळे दिसलेही. ते आधीही तेथेच बसत असणार. त्यांना धंदा मात्र कोणी विचारला नव्हता.

मला या माणसाविषयी आदर वाटतो तो यानंतरच्या वर्षांमुळे. पन्नाशीचा, ड्यूकच्या दरबारात मान असलेला हा प्राध्यापक मोडेनाच्या गल्लीबोळांतून कुंभार, लोहार, मुलामा देणारे, आरसे करणारे, चांभार, शिंपी, धोबिणी अशांच्या कामाच्या जागी जाऊ लागला. हिप्पोक्रेटिसने रोग्याला काय काय विचारावे याची एक यादी दिली होती. तिच्यात रामाझिनीने आणखी एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा काय? गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने सोनेरी खुर्चीची वाट न पाहता तीन पायांच्या तिवईवर बसावे आणि घाई न करता हा प्रश्न विचारावा, असा त्याचा उपदेश होता. आपल्या पोटासाठी हे लोक जे करतात तेच त्यांच्या शरीराला खाते, हे पाहून तो अस्वस्थ होई. धंदा सोडा असे सांगणे सोपे होते, पण ते त्याने सांगितले नाही. खड्डे उपसणाऱ्यांना त्याने तोंडावर पारदर्शक फुगा बांधायला आणि एका वेळी थोडाच वेळ खड्ड्यात थांबायला सांगितले. काम तेच, पण ते करण्याची रीत बदलायची.

१६९० च्या दशकात जमवलेले हे सर्व त्याने १७०० साली मोडेना येथे लॅटिनमध्ये पुस्तकरूपाने छापले. कारागिरांच्या रोगांवरचा हा ग्रंथ. त्यात चाळीसहून अधिक धंद्यांची प्रकरणे आहेत. कुंभारांच्या शरीरात शिसे कसे जाते आणि त्यांचे हात कसे कापू लागतात, मुलामा देणाऱ्यांना पारा कसा बाधतो, हे तर त्यात आहेच. पण त्याच्या आणखी एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रोग दोन वाटांनी येतात, असे त्याने मांडले. एक वाट धूर, धूळ, विषारी वाफा यांची. दुसरी वाट शरीराच्या वेड्यावाकड्या ठेवणीची आणि एकसारख्या त्याच त्या हालचालींची. या दुसऱ्या वाटेत विष कोठेच नाही. सुई, बसकण आणि वाकलेली पाठ एवढेच. शिंपी आणि चांभार यांच्या सणाच्या मिरवणुकीत सगळेच कसे खांदे पाडून, डुलत, लंगडत चालतात, याचे त्याने केलेले वर्णन वाचताना हसू येते आणि लगेच वाईटही वाटते. सुटीच्या दिवशी तरी या बैठ्या लोकांनी अंग हलवावे, म्हणजे अनेक दिवसांच्या बैठकीची थोडी भरपाई होईल, असे तो सांगतो.

१७०० सालीच व्हेनिसच्या सरकारने त्याला पादुआच्या विद्यापीठात बोलावले. तेथे १७१३ साली, वयाची ऐंशी वर्षे भरत असताना, त्याने ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली आणि तिला बारा नवी प्रकरणे जोडली. मुद्रक, विणकर, सुतार, खलाशी यांच्या पंक्तीत या वेळी लेखनिक आणि नोटरी येऊन बसले. आमच्या दृष्टीने हेच प्रकरण महत्त्वाचे.

छापखाना निघण्यापूर्वी पोथ्या उतरवणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. छपाईने ती कमी झाली, तरी दरबार, न्यायकचेऱ्या आणि सावकारांच्या पेढ्या यांना कारकून लागतच होते. पेशव्यांच्या दफ्तरात मोडीचे बंद लिहीत बसलेला कारकून डोळ्यांसमोर आणला, तर हा माणूस ओळखीचा वाटेल. रामाझिनीने त्याच्या दुखण्याची तीन कारणे दिली आहेत : अखंड बसणे, हाताची एकाच दिशेने न थांबता होणारी हालचाल, आणि मनावरचा ताण. पहिली दोन कोणालाही सुचली असती. तिसरे सुचायला कारकुनाजवळ बसावे लागते. बेरीज-वजाबाकीत चूक होऊन वही खराब होईल, धन्याचे नुकसान होईल, या धास्तीने कारकुनाचे मन दिवसभर ताणलेले असते, आणि त्या ताणाचाही त्याने शरीराच्या हिशेबात समावेश केला.

कागदावरून लेखणी सारखी चालवताना हाताचे स्नायू आणि स्नायूबंध सतत आवळलेले राहतात, त्यामुळे आधी थकवा येतो आणि काही काळाने हाताची शक्तीच जाते, असे त्याचे निदान. त्याच्या ओळखीचा एक नोटरी होता. जन्मभर लेखणी चालवून त्याने बरा पैसा जोडला. प्रथम त्याचा सगळा हात शिणल्यासारखा होऊ लागला. औषधे झाली, गुण आला नाही, आणि शेवटी उजवा हात पार लुळा पडला. नोटरी हिकमती. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. पण थोड्याच काळात डावा हातही त्याच दुखण्याने धरला. रामाझिनीने ही हकीकत थोडक्यात सांगून टाकली आहे. मला मात्र वाटते, की पूर्वीच्याच रीतीने काम चालू ठेवून नुसता हात बदलला तर काय होते याचा याहून स्पष्ट दाखला मिळणार नाही. उजवीकडचा माऊस डावीकडे ठेवून निश्चिंत होणाऱ्यांनी हा नोटरी आठवावा.

त्याने सुचवलेले उपाय साधे होते. कामात खंड पाडावा, अंगाला माफक व्यायाम द्यावा, हात उबेत ठेवावा, बदामाच्या तेलाने चोळावा. तेलाचे काय असेल ते असो, बाकीचे आजही टिकून आहे. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांचे दोर मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून असे नऊ दोर आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वर किंवा बाजूला वाकवून तासन् तास कळा दाबल्या तर तेथे ओढाताण होते. म्हणून आजचे डॉक्टर सांगतात, की कळफलक कोपराच्या उंचीवर असावा, मनगट सरळ राहावे, माऊस हात लांबवावा न लागता हाताशी असावा, कळा आपटू नयेत, पाय जमिनीवर टेकावेत आणि पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत असावी. आणि अर्ध्या तासाने का होईना, उठावे. मुंग्या येणे, रात्री हात बधिर होणे, पेला हातातून निसटणे ही लक्षणे दिसली तर सोसत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. लॅपटॉप मांडीवर घेऊन लोळणाऱ्या आमच्या वसतिगृहातील मित्रांना यातले एकही कलम लागू पडत नाही, कारण ते सगळीच मोडतात. मोबाइलवर दोन्ही अंगठे नाचवण्याची गोष्ट तर वेगळीच.

रामाझिनीनंतर हे दुखणे पुनःपुन्हा नव्या धंद्यांत उगवले. ब्रिटनमध्ये तारायंत्राचे काम करणाऱ्यांच्या हाताचा पेटका १९०८ साली नुकसानभरपाईच्या यादीत घेतला गेला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्यांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या, की त्यावर मोठा वाद माजला. दुखणे खरे की मनाचे, असा तो वाद. मनाचा ताण आणि हाताची हालचाल ही दोन्ही एकाच यादीत घालणाऱ्या रामाझिनीला तो बहुधा विचित्र वाटला असता.

त्याच्या स्वतःच्या अखेरच्या वर्षांची हकीकत मात्र चटका लावणारी आहे. पादुआत त्याला मान भरपूर मिळाला. १७०९ साली तो तेथील मुख्य प्राध्यापक झाला. राजेलोकांनी प्रकृती कशी सांभाळावी यावरही त्याने पुस्तक लिहिले. पण डोकेदुखी आणि छातीची धडधड त्याच्या मागे लागली, आणि डोळे हळूहळू जाऊ लागले. खड्डे उपसणाऱ्यांच्या डोळ्यांपासून ज्याच्या कामाला सुरुवात झाली, त्यालाच म्हातारपणी दिसेनासे झाले. दिसत नाही म्हणून प्राध्यापकी सोडण्याची त्याची इच्छा होती, पण व्हेनिसच्या सरकारने त्याला जाऊ दिले नाही. तरुण मंडळी त्याला वाचून दाखवीत आणि तो सांगेल ते लिहून घेत. लेखनिकांवरचे ते प्रकरणही असेच कोणा लेखनिकाच्या हातून कागदावर उतरले असेल तर नवल नाही. लिहिता लिहिता तो हात मधे थांबला असेल काय, असे उगीच मनात येते.

५ नोव्हेंबर १७१४ रोजी एक्क्याऐंशी वर्षांचा हा आंधळा म्हातारा पादुआत नेहमीप्रमाणे व्याख्यानाला निघण्याच्या तयारीत होता. तेवढ्यात त्याला झटका आला, आणि त्याच दिवशी तो गेला.